पद्मिनी, पाना आणि पेट्रोल

तुमच्या कारच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की तुम्ही काय करता? ऑफिसला उशीर होतोय, दहाला मीटिंग आहे, दिवा पिवळा आहे, लाल नाही... म्हणजे चालतंय! संध्याकाळी सर्व्हिस सेंटरला फोन. तिथला टाय लावलेला मुलगा लॅपटॉप जोडतो, 'सेन्सर गेलाय मॅडम' म्हणतो आणि आपण गपचूप कार्ड पुढे करतो. बॉनेट उघडायचा खटका नेमका कुठे असतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? हात वर करा बघू. (खोटं बोलू नका.)

माझ्याकडे सध्या अशी एक गाडी आहे जिला एकही दिवा असा लागत नाही, कारण तिला सांगण्यासारखं काही असलं तर ती सरळ रस्त्यात बंद पडते. १९७५ ची प्रीमियर पद्मिनी. रंग क्रीम, निदान आरसी बुकात तरी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पॉवर स्टिअरिंग म्हणाल तर तुमचे स्वतःचे दंड. मी जिमचं मेंबरशिप बंद केलंय.

आधी थोडा इतिहास, कारण ही गाडी पाहिली की पंचविशीतली मंडळी हमखास 'ही अॅम्बेसेडर ना?' असं विचारतात आणि माझा जीव जातो. तर ही मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला ती बनवली. १९५० च्या दशकातली गोल नाकाची मिलेचेंतो म्हणजे आपल्याकडची प्रसिद्ध 'डुक्कर फियाट'. १९६४ मध्ये आली ११०० डिलाइट, तीच १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. नावं तीन, पत्रा जवळपास तोच! लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना घेतलेली फियाट याच घराण्यातली. किंमत १२,००० रुपये, त्यातले ५,००० पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. म्हणजे कारलोनच्या हप्त्यांवरून आपण जी कुरकुर करतो, त्या रांगेत आपल्या पुढे कोण उभं होतं ते बघा.

आमची पद्मिनी लातूरच्या मामांची. १९८९ मध्ये त्यांनी ती सेकंडहँड घेतली, तेव्हा त्यांचं गंजगोलाईजवळ औषधांचं दुकान होतं आणि गल्लीत चारचाकी फक्त दोन. नंतर दुकान वाढलं, घरात दोन नवीन गाड्या आल्या आणि गेल्या. ही मात्र राहिली. का राहिली याचं उत्तर मागच्या सीटमध्ये आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्या सकाळी मामांनी मागची सीट उपटून घराच्या ओट्यावर टाकली, दुकानातली सलाइनची खोकी, पट्ट्या, कापूस, जे हाताला लागेल ते भरलं आणि औशाच्या रस्त्याने निघाले. पुढचे काही दिवस गाडी लातूर-किल्लारी अशीच फिरत होती. जाताना औषधं, येताना माणसं. सीट परत बसवली तेव्हा एक क्लिप सापडली नाही. आजही खड्ड्यात गाडी गेली की सीट 'टक्' करते. मी ती क्लिप बनवून घेऊ म्हटलं तर मामा म्हणाले, 'राहू दे.' त्या दिवसांबद्दल ते एवढंच बोलतात.

आता मामांचे गुडघे क्लच दाबायला नकार देतात. मामेभाऊ बंगलोरला आयटीत. त्याचं म्हणणं, विकून मोकळे व्हा. गिऱ्हाईकही होतं. लातूरचा एक फोटोग्राफर प्री-वेडिंग शूटसाठी गाडी मागत होता, वर 'इंजिन काढून घेतलं तरी चालेल काका' म्हणाला. मामांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग मला फोन. 'तू घेऊन जा नांदेडला. पण एक सांगतो माय, उभी करू नको. उभी गाडी मरती.'

एप्रिलमध्ये मी ती आणायला गेले. लातूर ते नांदेड, चाकूर-अहमदपूर-लोहा मार्गे, साधारण १४० किलोमीटर. सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, पण मामींनी धपाटे बांधून देईपर्यंत नऊ वाजले आणि अहमदपूरच्या पुढे ऊन डोक्यावर आलं. गाडीने दोन उचक्या दिल्या आणि गप्प. मामा शेजारी बसले होते, अजिबात घाबरले नाहीत. बॉनेट उघडलं, पाण्याच्या बाटलीने पंचा भिजवला आणि इंजिनच्या कडेला असलेल्या पेट्रोल पंपावर गुंडाळला. 'दहा मिनिटं. धपाटे काढ.' आम्ही बाभळीखाली धपाटे खाल्ले आणि गाडी सुरू झाली!

ही काही जादू नाही. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. मराठवाड्यातल्या उन्हात इंजिनच्या धगीने पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही; कार्बोरेटर उपाशी राहतो. ओला पंचा म्हणजे पंपाचा एसी. नवीन गाड्यांत पंप टाकीतच बुडवलेला असतो, म्हणून आपल्याला हा आजार माहीतच नाही. चाळिशी पार केलेल्या कुठल्याही मराठवाडी ड्रायव्हरला विचारा, तो तुम्हाला पंचा किती पिळायचा तेसुद्धा सांगेल.

नांदेडला आल्यावर पहिला प्रश्न: हिला बघणार कोण? चकाचक वर्कशॉपवाल्यांनी गाडी पाहून सेल्फी काढला आणि हात जोडले. शेवटी देगलूर नाक्याकडे एक गॅरेज सापडलं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, लिंबाचं झाड आणि चाचा. वय सत्तरच्या पुढे. पन्नास वर्षं फियाट, अॅम्बेसेडर आणि जीप यांच्याखाली झोपून काढलेली. माझी अट ऐकून ते हसले. अट अशी की काम मी माझ्या घरी करणार, त्यांनी फक्त दर रविवारी यायचं, खुर्चीत बसायचं आणि सांगायचं.

'बेटा, पाना पकडनेसे पैले सुनना सीखो,' हा पहिला धडा.

बंद पडलेल्या जुन्या पेट्रोल गाडीला चाचा एकच प्रश्न विचारतात: करंट की पेट्रोल? दोन्ही असेल तर गाडीला सुरू व्हावंच लागतं. प्लग काढा, वायरला लावा, त्याचं धड इंजिनच्या लोखंडावर टेकवा (पेट्रोलच्या नळीपासून लांब, प्लीज!) आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळट, मरतुकडी पडली तर डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडा. आत 'पॉइंट' नावाची दोन छोटी धातूची टोकं असतात, उघडझाप करत राहतात, त्यांच्यावर काजळी धरते. बारीक पॉलिश पेपरने घासा, फट नीट करा. ही फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. चाचा ती विझिटिंग कार्डाने मोजतात. माझ्या कार्डावर 'फ्रीलान्स जर्नलिस्ट' छापलंय, आणि तीन वर्षांत त्या कार्डाचा झालेला हा सर्वांत ठोस उपयोग.

ठिणगी चांगली आणि तरी गाडी ढिम्म, मग पेट्रोल. कार्बोरेटर खोलणं हे ऐकायला बायपास सर्जरीसारखं वाटतं, प्रत्यक्षात पुरण वाटण्याइतकंच धीराचं काम आहे. स्क्रू काढायचे तसे ओळीने वर्तमानपत्रावर ठेवायचे, मोबाइलवर फोटो काढायचे. आत पितळेचे इवलेसे जेट असतात, मधे केसाएवढं भोक. त्यात तार घालायची नाही! भोक किंचित जरी मोठं झालं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते. पेट्रोलमध्ये भिजवायचं, हवेने फुंकायचं, बस्स.

ब्रेकचं काम मात्र एकट्याने होत नाही, आणि मला तेच सगळ्यात आवडतं. ड्रमच्या आत व्हील सिलिंडर असतो, त्याची रबरं वाळली की ब्रेक ऑइल गळतं, ऑइल गळलं की नळीत हवा शिरते आणि पेडल स्पंजासारखं लागतं. हवा काढायला एकाने आत बसून पेडल मारायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल ढिला करायचा. आमच्याकडे आई आत, मी खाली. 'दाब... धर... धर... सोड!' मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं. चार चाकं होईपर्यंत आईचा पाय दुखायला लागला आणि शेजारच्या काकू फाटकात येऊन उभ्या. 'काय करायलीस गं गाडीखाली? एखाद्या पोराला सांग की!' आई आतूनच म्हणाली, 'पोराला जमत नाही ते.' या वाक्यासाठी मी अजून चार गाड्यांचे ब्रेक काढायला तयार आहे.

दोन गोष्टी मात्र मी चाचांचं न ऐकता करते. एक, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. खाली लोखंडी घोडी हवीच. जॅकचा सील कधी बसेल सांगता येत नाही, आणि पद्मिनीचं वजन जवळपास ९०० किलो आहे. दोन, ड्रममधली धूळ तोंडाने फुंकायची नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसाला वाईट. ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. चाचा आयुष्यभर फुंकत आले. मी मास्क लावते तेव्हा ते हसतात, हसता हसता खोकतात, आणि मग आम्ही दोघंही विषय बदलतो.

मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांपेक्षा आम्ही मराठवाड्यातले एका बाबतीत नशीबवान आहोत: पत्रा. समुद्राच्या हवेत पद्मिनीचा तळ सडून रस्ता दिसायला लागतो. आमच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, मरतं ते रबर. खिडक्यांच्या कडा, इंजिनचे माउंटिंग, नळ्या, सगळं बिस्किटासारखं तुटतं. त्यामुळे चमकणारा जुना पत्रा बघून भुलू नका, आधी अंगठ्याने नळ्या दाबून बघा.

आणि पाणी. इथल्या बोअरचं पाणी जड. ते वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की आतून चुन्याचा थर बसतो, जसा आपल्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. २०१६ चा उन्हाळा आठवतोय? मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी लातूरला पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या अख्ख्या वर्षात मामांनी गाडी एकदाही धुतली नाही, पण रेडिएटर रिकामा ठेवता येत नाही, म्हणून टँकरचं जे मिळेल ते पाणी घातलं. त्याचा हिशेब यंदा आला. रेडिएटरवाल्याने वरची टाकी डाग काढून उघडली तर अर्ध्या नळ्या पांढऱ्या बुजलेल्या. सळई घालून साफ केल्या. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, दुसरं काही नाही.

याच लातूरचा ऊस आता दुसऱ्या वाटेने माझ्या गाडीत शिरलाय. २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण देशभरात २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल बनतं ते बरंचसं उसाच्या रसा-मळीपासून, शिवाय मका आणि तांदळापासून. म्हणजे ज्या उसाने पाणी प्यायलं म्हणून आपण दरवर्षी भांडतो, तो बंब्यातून थेट टाकीत. १९७५ च्या इंजिनिअरला हे स्वप्नातही नव्हतं. जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं. पंपातल्या पडद्याचं, म्हणजे डायाफ्रामचं, माझ्याकडे हेच झालं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि आतून गंज. लिटरमागे ताकदही पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे जुन्या जेटवर इंजिन थोडं उपाशी चालतं. उपाय आहेत: नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या घ्यायच्या, डायाफ्राम तसलाच मागायचा, टाकीत जुनं पेट्रोल साठवायचं नाही, आठवड्याला किमान वीस किलोमीटर फिरवायची. मामांचं 'उभी करू नको' आता केमिस्ट्रीनेही बरोबर ठरवलंय.

स्पेअर पार्ट्सचं टेन्शन मात्र खरं आहे. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. त्यानंतरही माल मिळत राहिला तो मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली आणि पार्ट बनवणाऱ्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईकच गेलं. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फोन करायचा, हैदराबादला कुणी जात असेल तर चिठ्ठी द्यायची, नाहीतर लेथवाल्याकडून बनवून घ्यायचं. नांदेडहून हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, आणि गाड्यांच्या बाबतीत आम्ही अजूनही थोडे निजामाच्याच मुलखात आहोत.

कागदपत्रांचंही सांगते, कारण मेलमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. १५ वर्षांनंतर खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नव्याने करावं लागतं. गाडी आरटीओला दाखवावी लागते, ग्रीन टॅक्स भरावा लागतो. २० वर्षांहून जुन्या कारसाठी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपये झाली. दुसरा रस्ता विंटेजचा. काटेकोर शौकिनांच्या भाषेत विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० ची गाडी, पण केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली कुठलीही बिगरव्यावसायिक दुचाकी-चारचाकी त्यात बसते. रजिस्ट्रेशन दहा वर्षं चालतं, आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला मस्त! पण अशी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, संपलं. म्हणजे भाजी आणायला निघालात तर नियम मोडला. आमच्या गाडीने २०२५ मध्ये पन्नाशी गाठली, तेव्हा दोन्ही दारं उघडी आहेत. मामेभावाला विंटेजचं दार आवडतं, त्याने तर 'इन्व्हेस्टमेंट' हा शब्दही वापरला. मी १०,००० बाजूला काढून ठेवलेत. भाजी आणणार.

खर्चाचं विचाराल तर दर महिन्याला सरासरी माझ्या एका लेखाचं मानधन जातं. कुठल्या लेखाचं ते विचारू नका, संपादक वाचतायत.

पण पैशापेक्षा घाई वेगळ्याच गोष्टीची आहे. चाचांनी दिवाळीनंतर शेड सोडायचं ठरवलंय. मुलगा हैदराबादला टॅक्सी चालवतो, त्याला हे काम नको. हाताखालचा पोरगा बाइकच्या शोरूमला लागला. चाचांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तरी टॅपेट सेट करताना ते पात्या बोटाने हलवून, कान लावून फट सांगतात. मी मागाहून फीलर गेजने मोजते, दर वेळी जवळपास तेच निघतं. म्हणून आता माझ्याकडे एक वही आहे. एका पानावर त्यांचं माप: 'पत्ता जाईल पण अडकून', 'चिमूटभर सैल', 'आवाज शिलाई मशीनसारखा'. समोरच्या पानावर माझं, मिलिमीटरमध्ये. बत्तीस पानं झालीत. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल अजून कोरे आहेत, आणि चाचा म्हणतात डिफरन्शिअल वहीत मावत नाही, त्यासाठी खोलावाच लागेल.

सध्या तरी अडकलंय ते गिअरच्या दांड्यावर. स्टिअरिंगखालच्या लिंकेजमधला बुश झिजलाय, दुसरा गिअर टाकायला जावं तर दांडा हवेतच फिरतो. नवीन बुश कुर्ल्यातही नाही. एमआयडीसीतला लेथवाला नायलॉनच्या कांडीतून कोरून देतो म्हणाला, पण त्याला नमुना हवा. नमुना म्हणजे गाडीतला हाच झिजलेला बुश. तो काढला की गाडी उभी. तेव्हा शनिवारी रात्री काढायचा, रविवारी सकाळी लेथवाल्याला घरातून उठवायचं, संध्याकाळी चाचांसमोर बसवायचा. कारण सोमवारी मामा गुडघा दाखवायला नांदेडला येतायत, आणि स्टेशनवर त्यांना घ्यायला कुठली गाडी येणार हे त्यांनी आधीच विचारून ठेवलंय.